आजऱ्याचे मृत्युंजयकार

मुलांसाठी शिवाजी सावंत यांचे सचित्र चरित्र काढायचे ठरले, तर पहिले चित्र आजऱ्यातील शाळेच्या नाटकाचे हवे. ३१ ऑगस्ट १९४० रोजी आजऱ्यातच शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या या मुलाने त्या नाटकात श्रीकृष्ण रंगविला. मनात मात्र घर केले ते कर्णाने. पुढे कोल्हापुरात शिक्षकी पेशात असताना हिंदी कवी केदारनाथ मिश्र यांचे कर्णावरील काव्य वाचनात आले आणि जुना ध्यास पुन्हा जागा झाला. त्या ध्यासापायी सावंत थेट कुरुक्षेत्रापर्यंत जाऊन आले.

१९६७ मध्ये 'मृत्युंजय' प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांचे वय अवघे २७ वर्षांचे. कादंबरीच्या नऊ भागांपैकी चार कर्णाच्या तोंडी, उरलेले कुंती, दुर्योधन, शोण आणि वृषाली यांच्या; अखेरचा मात्र श्रीकृष्णाच्या. रणांगणावर शत्रुपक्षाचे सारथ्य करणाऱ्यालाच कर्णाची थोरवी सांगायला लावणे, हे साहसच होते. १९७९ मध्ये 'छावा' आली, १९९४ चा मूर्तिदेवी पुरस्कार लाभला. शाळेत रंगविलेल्या श्रीकृष्णाला स्वतंत्र कादंबरी मिळाली, ती मात्र थेट २००० मध्ये, 'युगंधर'च्या रूपाने. पुढे दोनच वर्षांनी, १८ सप्टेंबर २००२ रोजी, मडगाव येथे सावंतांचे निधन झाले.