औंधचे सूर्योपासक राजे

माघ शुद्ध सप्तमी म्हणजे रथसप्तमी. या दिवशी पारसिकच्या डोंगरामागून सूर्यनारायण वर येतो, तेव्हा कळव्यातील अनेक घरांत पाटावर त्याच्या रथाचे चित्र रेखाटलेले असते आणि बोळक्यातील दूध उतू जाऊ दिले जाते. अशा मंगल प्रभाती ज्यांचे स्मरण अगत्याने व्हावे, असे एक थोर सूर्योपासक म्हणजे औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

त्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले आणि १९०९ साली औंधच्या गादीवर आले. चित्रकला आणि कीर्तन या दोहोंत त्यांना गती होती. त्यांचे चित्ररामायण १९१६ साली प्रसिद्ध झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्यास त्यांनी आपल्या संस्थानात जागा दिली आणि १९३९ साली प्रजेच्या हाती राज्यकारभार सोपविला. परंतु महाराष्ट्रातील मुलांवर त्यांचे जे ऋण आहे, ते याहून निराळे आहे.

व्यायामाची आवड त्यांना तरुणपणापासून होती. युरोपातील प्रसिद्ध बलवान युजेन सँडो याची पुस्तके व उपकरणे त्यांनी १८९७ च्या सुमारास मागविली आणि सुमारे दहा वर्षे तो व्यायाम नेमाने केला. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले. साधने नकोत, खर्च नको, देहाच्या लांबीएवढी जागा पुरे. शिवाय प्रत्येक नमस्कारासोबत सूर्याच्या नामाचा उच्चार. देहाचा व्यायाम आणि देवाची उपासना एकाच कृतीत साधते, हे त्यांच्या मनाने घेतले आणि हे व्रत त्यांनी आयुष्यभर पाळले.

स्वतःपुरते हे व्रत ठेवून ते थांबले नाहीत. संस्थानातील शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले, आणि तेही मुलामुलींना सारखेच. स्त्रियांनी व्यायाम करावा हा विचार त्या काळी अनेकांच्या पचनी पडणारा नव्हता; परंतु औंधच्या राजघराण्यातील स्त्रियाही नमस्कार घालीत, त्यामुळे आक्षेपास उत्तर आपोआपच मिळाले. १९२८ साली त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला आणि १९३८ साली लंडनमध्ये त्याची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. आज बहुधा बारा अवस्थांचा नमस्कार शिकविला जातो. औंधच्या पद्धतीत त्या दहा होत्या.

या पद्धतीचे मर्म क्रमशः वाढीत आहे. राजेसाहेब स्वतः नित्य मोठ्या संख्येने नमस्कार घालीत, परंतु मुलांनी आपल्या वयाप्रमाणे थोड्यांपासून आरंभ करून संख्या हळूहळू वाढवावी, अशी त्यांची शिकवण होती. वाढत्या देहाविषयी आजचे वैद्यकशास्त्र याच अंगाने विचार करते. मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीची मृदू कूर्चा असते. चुकीच्या रीतीने वा अतिभाराने तिला इजा होऊ शकते. मात्र लहानपणी बलवर्धक व्यायाम केल्यास उंची खुंटते, ही समजूत निराधार ठरली आहे. जाणत्याच्या देखरेखीखाली, झेपेल एवढाच भार घेतला तर हा व्यायाम हितकारकच आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कळव्यासारख्या दाट वस्तीच्या गावी अंगण दुर्मीळ झाले आहे. आईवडील सकाळच्या लोकलने निघून जातात, आणि शरीर लवकर पिळदार दिसावे या हौसेने पंधरा-सोळा वर्षांची मुले परस्पर व्यायामशाळेत जाऊन मित्रांच्या पैजेवर वजने उचलतात. अशा घरांनी औंधच्या राजांचा धडा गिरवावा. आधी अंग सैल करून घ्यावे. पोट रिकामे असावे. कंबर खाली लोंबू देऊ नये, श्वास कोंडून धरू नये. आकृती बिघडू लागली की त्या दिवसापुरते थांबावे. सांधा दुखल्यास तो व्यायाम बंद करून डॉक्टरांस दाखवावे. आपल्याकडून उचलेल तेवढे सर्वाधिक वजन उचलून पाहण्याचा मोह वाढ पूर्ण होईपर्यंत टाळावा. आणि मुलास एकटे न सोडता घरातील वडीलधाऱ्यांनी त्याच्याशेजारी उभे राहून चार नमस्कार घालावेत.

१३ एप्रिल १९५१ रोजी राजेसाहेब निवर्तले. त्यांचे संस्थान त्याआधीच, १९४८ साली, विलीन झाले होते. गादी गेली, परंतु त्यांनी मुलांच्या अंगी लावलेली सवय अद्याप टिकून आहे. आजही अनेक शाळांत रथसप्तमीस मुले ओळीने उभी राहून नमस्कार घालतात. या वर्षी बोळक्यातील दूध उतू गेल्यावर, प्रसाद वाटण्यापूर्वी, घरातील लहानथोरांनी सूर्याभिमुख होऊन थोडे नमस्कार घालावेत, आणि दुसऱ्या दिवशीही तो नेम मोडू नये.