तेलाला गोठविणारा रसायनशास्त्रज्ञ

वनस्पती तुपाचा डबा भारतात घरोघरी पोहोचला. परंतु ज्याच्या संशोधनातून तो जन्मास आला, त्या विल्हेल्म नॉर्मन यांचे नाव फारसे कोणास ठाऊक झाले नाही. या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा जन्म १६ जानेवारी १८७० रोजी वेस्टफालियातील पेटर्सहागेन या गावी झाला. रसायनशास्त्राचे शिक्षण त्यांनी बर्लिन व फ्रायबर्ग येथे घेतले आणि नात्यातील सिवेके कुटुंबाची भागीदारी असलेल्या हेरफोर्ड येथील तेलगिरणीत ते काम करू लागले.

युरोपातील कारखान्यांपुढे त्या काळी मोठा पेच होता. शहरांतील कामगारवर्गाला लोणी परवडत नव्हते. त्याच्या जागी आलेल्या मार्गारिनसाठी आणि साबणासाठी घट्ट चरबी लागे. पण जनावरांची चरबी मागणीला पुरत नव्हती. याउलट सरकी, शेंगदाणा व देवमाशाचे तेल मुबलक होते, मात्र ते पातळ होते. फ्रान्समध्ये पॉल साबातिए यांनी निकेलच्या साह्याने वायुरूप पदार्थांशी हायड्रोजनचा संयोग घडवून दाखविला होता. तेलाची वाफ करणे तर व्यवहार्य नव्हते. द्रवरूप मेदाम्लावरही हीच क्रिया होऊ शकेल, या विचाराने नॉर्मन यांनी १९०१ साली प्रयोग केला आणि पातळ ओलिक आम्लापासून घट्ट स्टिअरिक आम्ल मिळविले. पहिले सुमारे १३ अंश सेल्सिअसला वितळते, तर दुसरे सुमारे ६९ अंशांना. १९०२ मध्ये त्यांनी या पद्धतीचे जर्मन पेटंट घेतले.

पुढे इंग्लंडमधील वॉरिंग्टन येथील जोसेफ क्रॉसफील्ड या साबण कारखान्याने पेटंटाचे हक्क घेतले आणि तेथील संयंत्र उभारण्यात नॉर्मन यांनी भाग घेतला. १९११ पासून त्यांनी एमेरिख येथील तेल कारखान्याची धुरा वाहिली. त्याच वर्षी अमेरिकेत सरकीच्या तेलापासून बनविलेले ‘क्रिस्को’ बाजारात आले. भारतात १९३२ साली मुंबईतील शिवडी येथे वनस्पतीचा कारखाना सुरू झाला आणि १९३७ मध्ये ‘डालडा’ आला. तुपाला पैसे नसलेल्या घरांतही सणासुदीचा गोडाधोडाचा बेत त्यामुळे होऊ लागला. नॉर्मन यांनी उत्तरायुष्यात केम्निट्झ येथे मेदरसायनांवर काम केले. दुसरे महायुद्ध सुरू होण्यापूर्वी, १ मे १९३९ रोजी, त्याच शहरात त्यांचे निधन झाले.

या यशाच्या पोटातच एक दोष दडलेला होता. तेलातील मेदाम्लांच्या रेणूंना दुहेरी बंधाच्या ठिकाणी बाक असतो. त्यामुळे ते एकमेकांलगत नीट रचले जात नाहीत आणि तेल पातळ राहते. हायड्रोजन जोडला गेला की रेणू सरळ होतो. परंतु निकेलच्या पृष्ठभागावर काही ठिकाणी हायड्रोजन जोडला जाऊन पुन्हा सुटतो. दुहेरी बंध परत तयार होतो, पण उलट रचनेचा. हेच ट्रान्स मेदाम्ल. क्रिया पूर्णत्वास नेली तर ते जवळजवळ उरत नाही. मात्र मिळणारा पदार्थ मेणासारखा कडक असतो. मऊ, तुपासारखा पदार्थ हवा म्हणून कारखाने क्रिया मध्येच थांबवीत, आणि तेथेच ट्रान्स मेदाम्ल मोठ्या प्रमाणात शिल्लक राही.

ते शरीरात काय करते, हे कळण्यास अनेक दशके जावी लागली. १९९० मध्ये नेदरलँड्समधील मेन्सिंक व काटान यांनी ट्रान्स मेदाम्लामुळे घातक कोलेस्टेरॉल वाढते व हितकारक कोलेस्टेरॉल घटते, असे दाखविले. २००३ साली डेन्मार्कने त्यावर २ टक्क्यांची मर्यादा घातली. त्यामुळे वर्षाला ५ लाखांहून अधिक मृत्यू होतात, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये वर्तविला. भारतात तेल व वनस्पतीसाठी २ टक्क्यांची मर्यादा जानेवारी २०२२ पासून लागू झाली.

नॉर्मन यांना यासाठी दोषी धरणे अन्यायाचे ठरेल. कोलेस्टेरॉल व हृदयविकार यांच्या संबंधाचे आजचे शास्त्र त्यांच्या हयातीत आकारासच आले नव्हते. परंतु त्यांच्या शोधाची कहाणी डालड्याबरोबर संपत नाही. आजच्या शुद्धीकृत तेलाचा वास घालविण्यासाठी ते निर्वात अवस्थेत २०० अंशांहून अधिक तापवून त्यातून वाफ सोडतात. या पायरीवर थोडे ट्रान्स मेदाम्ल तयार होतेच, शिवाय ग्लिसिडिल एस्टर हे अपायकारक घटकही निर्माण होतात. पामतेलात त्यांचे प्रमाण विशेष आढळते. युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्यांवर मर्यादा आणली. तापमान व वेळ कमी ठेवल्यास ते बरेच घटतात. तेल अधिक स्वच्छ, निर्गंध व टिकाऊ करणाऱ्या प्रत्येक क्रियेने त्यात नवे काय घातले, ही तपासणी नॉर्मन यांच्या पिढीला शक्य नव्हती. आजच्या कारखानदारांना व नियामकांना ती शक्य आहे.