शेठ प्रेमचंद रायचंद

मुंबईच्या कोट भागांत दलाल स्ट्रीट नांवाचा एक अरुंद रस्ता आहे. तेथें १९८० सालीं पुरी झालेली शेअर बाजाराची गगनचुंबी इमारत आहे, आणि तिच्यापासून थोड्याच अंतरावर विद्यापीठाचा राजाबाई मनोरा आहे. एके ठिकाणीं द्रव्याची उलाढाल, तर दुसरीकडे विद्येची उपासना. परंतु या दोन्ही स्थळांशीं एकाच पुरुषाचें नांव निगडित आहे. त्या पुरुषाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ सालीं सुरत येथें एका जैन व्यापारी कुटुंबांत झाला. मुंबईस आल्यावर ते इंग्रजी शिकले व दलालीच्या धंद्यांत शिरले. इंग्रजी लिहितां-वाचतां येणारा देशी दलाल त्या काळीं विरळा. त्या वेळीं बाजाराला इमारत नव्हती. टाऊन हॉलनजीकच्या वडाच्या झाडाखालीं दलाल जमत आणि तोंडच्या शब्दावर हजारोंचे सौदे होत.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें रोखलीं आणि इंग्लंडच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला. तेव्हां मुंबईच्या कापसाला सोन्याचें मोल आलें. दूरच्या बाजारांतील भाव घरच्या चुलीपर्यंत कसा येऊन पोहोंचतो, हें कोशाचें कापड विणणाऱ्या आमच्या आंधळगांवांतील मुलांस निराळें सांगावयास नको. मुंबईंत पैशाचा पूर आला. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दींत जुन्या किल्ल्याचा तट पाडला जाऊन नव्या इमारतींस जागा मोकळी झाली. समुद्र हटवून जमीन करण्यासाठीं बॅक बे कंपनी निघाली व तिच्या शेअरांचे भाव मूळ किमतीच्या कित्येक पट चढले. या सर्व उलाढालींचे सूत्रधार प्रेमचंद होते. त्यांच्या शब्दासरशीं बँका कर्ज देत.

याच भरभराटींत, १८६४ सालीं, त्यांनीं मुंबई विद्यापीठास दोन लक्ष रुपये ग्रंथालयासाठीं आणि दोन लक्ष मनोऱ्यासाठीं दिले. मनोऱ्यास आपल्या मातोश्री राजाबाई यांचें नांव द्यावें, एवढीच त्यांची इच्छा होती. मातोश्री अंध होत्या आणि सूर्यास्तापूर्वीं भोजन करण्याचा नेम पाळण्यास त्यांना घंटेचा आधार व्हावा म्हणून हा मनोरा उभारला, अशी आख्यायिका आहे.

१८६५ सालीं युद्ध संपलें. कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै रोजीं वायद्याचे सौदे पुरे करण्याची वेळ येतांच शेअरांचे कागद कवडीमोल ठरले. घरोघर हाहाकार उडाला. १८६८ सालीं बँक ऑफ बॉम्बे बुडाली. शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याचें जें सत्र तिनें आरंभिलें होतें, त्यांत प्रेमचंदांचा हात मोठा होता. अनेक निरपराध कुटुंबें त्यामुळें धुळीस मिळालीं. चरित्रलेखकानें हा दोष झांकूं नये. प्रेमचंदांचीही अपार संपत्ति लयास गेली.

परंतु दिलेलें दान विद्यापीठाच्या हातीं सुरक्षित होतें. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनीं मुंबईस पाऊलही न ठेवतां विलायतेंत बसून आराखडे केले. १ मार्च १८६९ रोजीं पाया घातला गेला आणि १८७८ च्या नोव्हेंबरांत २८० फूट उंचीचा मनोरा पुरा झाला. त्याच्या पायथ्याशीं ग्रंथालय झालें.

प्रेमचंद खचून गेले नाहींत. त्यांनीं पुनः धंदा सुरू केला, आणि १८७५ सालीं वडाखालच्या दलालांचें जें रीतसर मंडळ स्थापन झालें, त्याच्या संस्थापकांत ते होते. तेंच पुढें मुंबईचा शेअर बाजार म्हणून प्रसिद्धीस आलें. १९०६ सालीं त्यांचा अंत झाला.

२०१८ सालीं युनेस्कोनें या परिसरांतील जुन्या इमारतींस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. राजाबाई मनोरा त्यांतच आहे. शेजारीं त्याहून कितीतरी उंच इमारती आज उभ्या आहेत. प्रेमचंदांनीं जें सांठविलें तें एका वर्षांत गेलें. जें देऊन टाकलें, त्याच्या छायेंत विद्यार्थी अजून ग्रंथ वाचीत आहेत. धन कसें मिळवावें याबरोबरच तें वेळींच कोठें ठेवावें, हेंही आमच्या विद्यार्थ्यांनीं या चरित्रावरून शिकावें.