अक्षय ठेवा : पंडिता रमाबाई

कोलकाता आणि महाराष्ट्र यांचे नाते सांगू लागलो की आम्हांस प्रथम स्मरण होते ते पंडिता रमाबाईंचे. ज्या ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी त्या विख्यात झाल्या, त्या १८७८ साली याच नगरीतील विद्वानांनी त्यांना बहाल केल्या. तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते.

या सन्मानामागे मोठे दुःख होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपले द्रव्य तीर्थक्षेत्री दानधर्मात वेचले होते. पुढे दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण यांचा अन्नान्न दशेत अंत झाला. बंधू श्रीनिवास यांच्यासह पायी देश पालथा घालीत त्या कोलकात्यास आल्या होत्या. १८८० मध्ये बंधूही गेले. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांचा विवाह झाला. परंतु १८८२ मध्ये तान्ही मनोरमा पदरी असताना त्यांना वैधव्य आले.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि महाराष्ट्रात वादळ उठले. अमेरिकेतील हितचिंतकांनी बोस्टन येथे संस्था स्थापून दहा वर्षे साहाय्य देण्याचे वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी विधवांसाठी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. पुढे ते पुण्यास हलले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या शंकेने रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले, पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. लोकाश्रय गेला, वचनाची मुदतही सरत आली.

मुदतीनंतर सदनास उत्पन्न असावे म्हणून रमाबाईंनी केडगाव येथे जमीन घेऊन फळझाडे लावली होती. इतक्यात १८९६ चा दुष्काळ आला. जिने आपली माणसे भुकेने गमावली, तिला स्वस्थ बसवेना. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. तिजोरी पाहून दार उघडावे, हा व्यवहार त्यांनी बाजूस ठेवला. ब्रिस्टल येथे कोणापुढेही हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या भरवशावर अनाथालये चालविणारे जॉर्ज म्युलर यांचे चरित्र त्यांनी वाचले होते. देव पुरवील, ही श्रद्धा त्यांनी अंगीकारली. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर केडगावच्या ‘मुक्ति’ सदनात सुमारे दोन हजार जीव आश्रयास होते.

ही श्रद्धा निष्क्रिय नव्हती. शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना अशी कामे तेथे स्त्रियाच करीत. परदेशातून मदतही येत राहिली. मात्र ती येईल की नाही, याचा हिशेब होईपर्यंत त्यांनी उपाशी मुलीला दाराबाहेर ठेवले नाही, हेच आम्हांस महत्त्वाचे वाटते. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आत्मकथनाच्या शीर्षकातही त्यांनी अक्षय ठेव्याचाच उल्लेख केला आहे.

अखेरची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात गेली. १९२१ मध्ये मनोरमा निवर्तली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. केडगावचे कार्य त्यांच्यामागेही चालू राहिले.

त्यांच्या धर्मांतराविषयी मतभेद होते आणि राहतील. परंतु पोटापाण्यासाठी घरापासून दूर आलेल्या आम्हां मंडळींना, शिल्लक किती याची चिंता रोजचीच आहे. मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ज्या नगरीने रमाबाईंना प्रथम गौरविले तेथूनच आम्ही त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करतो.