सारस्वतकार भावे आणि 'महाराष्ट्र कवि'ची चार वर्षे

ठाणे स्थानकातून पश्चिमेला बाहेर पडून बाजारपेठेच्या गर्दीतून वाट काढली, की सुभाष पथावर मराठी ग्रंथसंग्रहालय लागते. १ जून १८९३ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेचे संस्थापक म्हणून विनायक लक्ष्मण भावे यांचे नाव ठाणेकर जाणतात. मराठी वाङ्मयाचा विद्यार्थी त्यांना ओळखतो तो 'महाराष्ट्र सारस्वत'चे कर्ते म्हणून. या दोन कीर्तींच्या मध्ये भावे यांचा तिसरा एक उद्योग झाकला गेला आहे. जुनी मराठी कविता छापून लोकांपुढे ठेवण्यासाठी १९०३ मध्ये त्यांनी 'महाराष्ट्र कवि' नावाचे मासिक काढले. ते जेमतेम चार वर्षे चालले. संग्रहालयाने शतक ओलांडले, ग्रंथाच्या आवृत्त्या निघत राहिल्या. मासिक मात्र अभ्यासकांच्या संदर्भसूचीपुरते उरले. एकाच माणसाने उभ्या केलेल्या तीन कामांचे दैव इतके निराळे का ठरावे, याचे उत्तर भावे यांच्या चरित्रात शोधता येते.

६ नोव्हेंबर १८७१ हा त्यांचा जन्मदिवस. शिक्षण ठाणे आणि मुंबई येथे झाले आणि पदवी मिळाली ती विज्ञानाची. पुढे उपजीविकेसाठी त्यांनी मिठाचा व्यवसाय केला. ठाण्याची खाडी आणि तिच्या काठची मिठागरे हे त्या काळातील या परिसराचे एक मोठे अर्थकारण होते. साहित्याचा इतिहास लिहिणारा हा गृहस्थ प्राध्यापक नव्हता, शिक्षकही नव्हता. संशोधनासाठी वेतन नाही, रजा नाही, विद्यापीठाचा आधार नाही. जे करायचे ते व्यापार सांभाळून आणि पदरमोड करून.

ठाणे शहर तोवर अगदीच अक्षरशत्रू नव्हते. १८५३ मध्ये आगगाडी आली, पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत पोहोचली. 'अरुणोदय' हे साप्ताहिक १८६६ पासून ठाण्यातून निघत होते. कल्याणला १८६४ मध्येच सार्वजनिक वाचनालय सुरू झाले होते. पण त्या काळच्या वाचनालयांचे स्वरूप मुख्यतः वृत्तपत्रे वाचण्याच्या जागेचे असे आणि कपाटांतील मानाची जागा इंग्रजी पुस्तकांकडे असे. मराठीत छापून निघालेले प्रत्येक पुस्तक एका ठिकाणी जमवावे, ही कल्पना बाविशीही न गाठलेल्या भावे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठाण्यात प्रत्यक्षात आणली. केवळ मराठी ग्रंथांसाठी संग्रहालय काढण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होता. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ मध्ये स्थापन झाले. सुशिक्षित मंडळींना मराठीत वाचण्याजोगे काय आहे असा प्रश्न पडण्याचा तो काळ होता, हे लक्षात घेतले म्हणजे या उद्योगाचे मोल कळते.

संग्रह वाढू लागला तशी दुसरी गोष्ट ध्यानात आली असणार. छापलेले जमवता येते, पण न छापलेल्याचे काय? मराठीचा सहा-सात शतकांचा ठेवा पोथ्यांत होता. त्या पोथ्या मठांत, देवघरांत आणि वाड्यांच्या माळ्यांवर होत्या. वाळवी आणि ओल त्यांचा फडशा पाडत होती. जे उरे त्याला पुष्कळदा जलसमाधी मिळे किंवा ते रद्दीत जाई.

या ठेव्याचा पहिला सलग आढावा भावे यांनी घेतला तो एका नियतकालिकातच. कोल्हापूरचे प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर 'ग्रंथमाला' हे मासिक चालवीत. एखादा संपूर्ण ग्रंथ तुकड्यातुकड्यांनी छापणे ही त्याची रीत. 'महाराष्ट्र सारस्वत'चे पहिले रूप याच मासिकातून १८९८च्या सुमारास प्रसिद्ध झाले. लेखक तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. आज हा ग्रंथ जाडजूड खंडाच्या रूपात दिसतो, पण त्याचा जन्म मासिकाच्या पानांवरचा आहे.

आपल्या हाती स्वतःचे मासिक असावे, हे वाटणे त्यातून ओघानेच आले. 'महाराष्ट्र कवि'चे काम साधे आणि अवघड होते. जुन्या कवींची काव्ये मिळवायची, पोथीतील पाठ वाचायचा, प्रती ताडून पाहायच्या आणि मजकूर शुद्ध स्वरूपात महिन्याच्या महिन्याला छापायचा. दासोपंत, सामराज, नागेश अशा कवींचे काव्य या मासिकाने वाचकांपुढे आणले. ज्ञानेश्वर, तुकाराम, रामदास, मोरोपंत यांच्या पलीकडेही मराठी कविता आहे, हे सामान्य वाचकाला दाखवून देणाऱ्या थोड्या नियतकालिकांत त्याची गणना करावी लागेल.

अडचण कुठे होती, हे एका दासोपंतांवरून समजेल. सोळाव्या-सतराव्या शतकातील अंबाजोगाईच्या या कवीने गीतेवर लिहिलेल्या 'गीतार्णवा'ची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख सांगितली जाते. एका पानावर वीस ओव्या धरल्या तरी सहा हजारांवर पाने झाली. चौसष्ट पानांचे मासिक दुसरे काहीही न छापता निघाले, तरी एवढा एक ग्रंथ पुरा व्हायला आठ वर्षे लागतील. वर्गणीदाराने तोवर धीर धरायचा. असे मासिक विरंगुळ्यासाठी कोणी घेत नाही, त्याला जाहिराती मिळत नाहीत, आणि ग्राहक मोजकेच असले तरी खिळे जुळवण्याचा व कागदाचा खर्च काही त्या प्रमाणात कमी होत नाही. शिवाय संपादक, पोथीवाचक, मुद्रितशोधक आणि व्यवस्थापक हा बहुधा एकच माणूस असे. तो आजारी पडला, व्यवसायात गुंतला किंवा खर्चाने थकला, की अंक लांबणार आणि एक दिवस थांबणार.

हे एकट्या भावे यांच्या वाट्याला आले असेही नाही. जुनी काव्ये आणि ऐतिहासिक कागद छापणारा 'काव्येतिहाससंग्रह' १८७८ मध्ये काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्या खटपटीने सुरू झाला. त्याने अमोल साधने प्रकाशात आणली आणि दहा-अकरा वर्षांत तो बंद पडला. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे 'भाषांतर' मासिक अल्पायुषी ठरले. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचा 'इतिहाससंग्रह' गेला. विजापूरकरांची 'ग्रंथमाला'ही टिकली नाही. पुढे १९०८ मध्ये 'विश्ववृत्त' मासिकातील लेखाबद्दल राजद्रोहाचा खटला होऊन खुद्द विजापूरकरांना तुरुंगात जावे लागले. या साऱ्यांचे संपादक विद्वान होते, कष्टाळू होते. उणीव होती ती संपादकामागे उभ्या राहणाऱ्या संस्थेची.

'महाराष्ट्र कवि' एखाद्या संस्थेने आपल्याकडे घेतले असते तर? हा प्रश्न आज सहज सुचतो, पण त्या वेळी दारे कोणती उघडी होती तेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ मध्ये पुण्याच्या संमेलनात जन्माला आली, म्हणजे मासिक शेवटच्या टप्प्यात असताना. स्वतःचे मुखपत्र काढायलाच परिषदेला काही वर्षे लागली, आणि तेही सुरुवातीला 'विविधज्ञानविस्तार' या जुन्या मासिकाच्या आधाराने निघत असे. भारत इतिहास संशोधक मंडळ राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी स्थापन केले ते ७ जुलै १९१० रोजी. त्याचे त्रैमासिक आणखी दहा वर्षांनी आले. तेव्हा 'महाराष्ट्र कवि' बंद पडून बराच काळ लोटला होता. राहता राहिले ठाण्याचे ग्रंथसंग्रहालय. ते भावे यांचेच अपत्य होते, पण दहा-बारा वर्षांच्या या संस्थेची मिळकत ती काय असणार! पुस्तके घ्यायची, कपाटे करायची, जागेची सोय पाहायची. त्यावर तोट्यातील मासिकाचा भार टाकणे म्हणजे दोन्ही बुडवण्याची तयारी. भावे यांनी संग्रहालय वाचवले आणि मासिकाची झळ स्वतः सोसली, असा अर्थ लावला तर तो फारसा चुकीचा ठरू नये.

संस्था म्हटली की सारे सुरळीत चालते, असा मात्र भ्रम नको. राजवाडे यांचे त्यांनीच स्थापन केलेल्या मंडळाशी पटेनासे झाले आणि ते पुणे सोडून धुळ्याला गेले. घटना, ठराव, मतमोजणी यांत एकांड्या संशोधकाचा जीव घुसमटतो. तरीही राजवाडे गेल्यावर मंडळ चालू राहिले, त्याचे त्रैमासिक निघाले आणि कागदपत्रे जपली गेली.

मासिक थांबले म्हणून भावे थांबले नाहीत. किंबहुना त्यांचे मोठे काम यानंतरचे आहे. 'मराठी दप्तर' या मालेतून त्यांनी बखरी व जुने कागद प्रसिद्ध केले. मालेतील प्रत्येक भागाला त्यांनी 'रुमाल' म्हटले. दप्तर कापडात बांधून ठेवण्याच्या जुन्या पद्धतीची ही आठवण. नेपोलियनचे चरित्रही त्यांनी लिहिले. १९१९ आणि १९२० मध्ये तुकारामांच्या अभंगांचा अस्सल गाथा दोन भागांत निघाला. तुकारामांचे टाळकरी आणि लेखक म्हणून प्रसिद्ध असलेल्या संताजी तेली जगनाडे यांच्या वह्या त्यांच्या वंशजांकडे होत्या. त्यांवरून भावे यांनी हा गाथा छापला. १८६९ ते १८७३ या काळात सरकारी मदतीने निघालेल्या गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग होते, तर जगनाड्यांच्या वह्यांत तेराशेच्या आसपास. संख्येने लहान असलेल्या या गाथेचे महत्त्व त्याच्या जुनेपणात होते. वह्यांतील शब्दरूपे आजच्या शुद्धलेखनाच्या साच्यात न बसवता जशीच्या तशी ठेवण्याचा आग्रह संपादकाने धरला. पाठ सुधारण्याचा मोह आवरणे ही संशोधकाची खरी कसोटी, आणि विज्ञानाच्या या पदवीधराने ती चांगली पार पाडली.

याच सुमारास, १९१९ मध्ये, 'महाराष्ट्र सारस्वत'ची वाढवलेली आवृत्ती आली. तिच्यातील सर्वात मोठी भर महानुभावांची होती. या पंथाचे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिलेले असल्याने शतकानुशतके बाहेरच्यांना बंद होते. लिप्यांचे कुलूप उघडल्यावर ज्ञानेश्वरांच्या काळातील गद्य आणि पद्य यांचे एक अख्खे दालन पुढे आले. ते मराठीच्या इतिहासात रीतसर मांडणाऱ्यांमध्ये भावे अग्रभागी होते. महानुभाव कवी आणि काव्यांची सूची त्यांनी तयार केली, पंथाचे काव्यग्रंथही संपादित केले. एकदा लिहून झालेला आपलाच इतिहास नवा पुरावा मिळताच पुन्हा उलगडून बसण्याची ही तयारी विरळा.

ग्रंथात दोष नाहीत असे नाही. भावे यांची शैली रसाळ, प्रसंगी आलंकारिक. कवीविषयीचे प्रेम चिकित्सेच्या पुढे धावते. अनेक कालनिर्णय आणि कर्तृत्वाचे निर्णय पुढच्या संशोधकांनी बदलले. पण ज्याच्याशी वाद घालायचा तो सलग आराखडा त्यांनीच आखून दिला होता.

१२ सप्टेंबर १९२६ रोजी भावे यांचे निधन झाले. वय अवघे चोपन्न. योगायोग असा, की 'सारस्वता'ला पहिली जागा देणारे विजापूरकर आणि इतिहासाचार्य राजवाडे हे दोघेही त्याच वर्षी गेले; राजवाडे तर वर्षाच्या अखेरच्या दिवशी. एकट्याच्या बळावर संशोधन-नियतकालिक चालवणाऱ्या पिढीतील तीन मोठी माणसे एका वर्षात नाहीशी झाली. 'विविधज्ञानविस्तार'ही १९३७ मध्ये, सत्तर वर्षांच्या सेवेनंतर बंद पडला.

'महाराष्ट्र सारस्वता'ला मात्र वारस मिळाला. विसाव्या शतकाच्या मध्यास डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी नव्या संशोधनाची भर घालणारी विस्तृत पुरवणी लिहिली आणि मूळ संहितेला हात न लावता ग्रंथ अद्ययावत केला. महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या पुढच्या पिढ्यांनी भावे वाचले ते तुळपुळ्यांसह.

ठाण्यात जे घडले नाही, ते पुढे मुंबईत घडले. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने १९४८ मध्ये मराठी संशोधन मंडळ स्थापन केले आणि त्याची धुरा अ. का. प्रियोळकर यांच्याकडे सोपवली. १९५३ पासून मंडळाची 'मराठी संशोधन पत्रिका' निघू लागली. जुन्या काव्यांचे पाठ, हस्तलिखितांचे शोध, आरंभीच्या मराठी मुद्रणाचा इतिहास असा मजकूर तीत येई. ग्राहक इथेही थोडेच होते, पण कागदाचे आणि छपाईचे देणे संपादकाच्या घरखर्चातून भागवावे लागत नव्हते. प्रियोळकर निवृत्त झाल्यावर पत्रिका बंद पडली नाही. मंडळाने दुसरे संपादक नेमले, त्यांत डॉ. स. गं. मालशे यांच्यासारखे अभ्यासक होते, आणि पुढचा अंक छापखान्यात गेला.