बाळांच्या घरी जाणारे आरोग्य खाते : डॉ. जोसेफिन बेकर

डॉक्टर म्हटले की आजार बरा करणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. मूल आजारीच पडू नये म्हणून अख्ख्या शहराची व्यवस्था उभी करणाऱ्या एका डॉक्टरांची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

सारा जोसेफिन बेकर यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८७३ रोजी अमेरिकेतील पकिप्सी येथे झाला. त्या सोळा वर्षांच्या असताना वडील विषमज्वराने गेले आणि घरची स्थिती बिघडली. तरीही जिद्दीने शिकून १८९८ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. स्वतःच्या दवाखान्यावर भागेना, म्हणून १९०१ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्यात निरीक्षकाची नोकरी धरली.

शहराच्या ईस्ट साइड भागात गरीब कुटुंबे दाटीने राहत. दर उन्हाळ्यात तेथे अतिसाराने असंख्य तान्ही मुले दगावत. आई दवाखान्यात येई तेव्हा बहुधा उशीर झालेला असे. १९०८ च्या उन्हाळ्यात शाळांना सुट्टी असल्याने शाळांतील परिचारिका मोकळ्या होत्या. बेकर यांनी तीस परिचारिका घेतल्या. जन्मनोंदणी होताच दुसऱ्या दिवशी परिचारिका त्या घरी जाई. अंगावरचे दूध पाजणे, रोजची अंघोळ, मोकळी हवा, सुटसुटीत कपडे या साध्या गोष्टी ती आईला समजावून सांगे. त्या भागात आदल्या उन्हाळ्यापेक्षा १२०० बालमृत्यू कमी झाले!

त्याच वर्षी स्वतंत्र बालआरोग्य विभाग स्थापन होऊन त्या प्रमुख झाल्या. बाईच्या हाताखाली काम नको म्हणून सहा पुरुष डॉक्टरांनी राजीनामे दिले. बेकर यांनी त्यांना एक महिना थांबण्याची विनंती केली आणि सारे टिकले. पुढे शुद्ध दुधाची केंद्रे निघाली, सुईणींना परवाने सक्तीचे झाले. आया कामावर जात आणि धाकट्या भावंडांना मोठ्या बहिणी सांभाळत, हे ओळखून शाळकरी मुलींसाठी बालसंगोपनाचे वर्गही सुरू झाले.

बाळे निरोगी राहिल्याने आपला व्यवसाय बुडतो, अशी तक्रार ब्रुकलिनच्या काही डॉक्टरांनी महापौरांकडे केली. बेकर यांना ती आपल्या कामाची पावतीच वाटली. विद्यापीठाने त्यांना व्याख्यानांसाठी बोलावले, पण स्त्री म्हणून विद्यार्थी होण्यास नकार दिला. प्रवेश दिलात तरच शिकवीन, या अटीवर त्या ठाम राहिल्या आणि १९१७ मध्ये तेथूनच सार्वजनिक आरोग्याची डॉक्टरेट घेतली. १९२३ मध्ये त्या निवृत्त झाल्या, तेव्हा अमेरिकेच्या मोठ्या शहरांत न्यूयॉर्कचा बालमृत्युदर सर्वांत कमी होता. २२ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांचे निधन झाले.

आई दवाखान्यापर्यंत पोहोचत नसेल, तर दवाखान्याने आईपर्यंत जावे, हे त्यांनी करून दाखवले. आमच्या विद्यार्थ्यांनीही घरातल्या धाकट्या भावंडाच्या लसींच्या तारखा लक्षात ठेवाव्यात, एवढेच आमचे सांगणे.