गॉडफ्रे हाउन्सफील्ड : मेंदूचे आकडे वाचणारा शेतकऱ्याचा मुलगा

अंधेरी असो वा मुलुंड, पक्षाघाताचा रुग्ण आला की डॉक्टर आधी मेंदूचा सीटी स्कॅन करायला सांगतात. हे यंत्र कोणी बनवलं, मुलांना विचारून बघा. आज त्यांचीच ओळख करून घेऊया.

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचा जन्म २८ ऑगस्ट १९१९ रोजी इंग्लंडमधील न्यूअर्क गावाजवळ झाला. पाच भावंडांत ते धाकटे. वडिलांच्या शेतावरची यंत्रं खोलून बघणं हाच त्यांचा खेळ. शाळेत रमले ते फक्त गणित आणि भौतिकशास्त्रात. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात रडार शिकले. पुढे पदविका घेतली. विद्यापीठाची पदवी मात्र कधीच नव्हती.

ईएमआय कंपनीत त्यांनी संगणक बनवले आणि यंत्राला आकार ओळखायला कसं शिकवता येईल, यावरही काम केलं. १९६७ मध्ये त्यांना सुचलं, की अनेक कोनांतून क्ष-किरण सोडले तर संगणक आतलं चित्र जुळवू शकेल. सुरुवातीच्या प्रयोगात एका चित्राची मोजणी व्हायला तब्बल नऊ दिवस लागले! पण ते थांबले नाहीत. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू दिसला. १९७९ मध्ये अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. १२ ऑगस्ट २००४ रोजी ते गेले.

स्कॅनमधल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. पाणी शून्य, हवा उणे १०००, साकळलेलं ताजं रक्त साधारण ६० ते ८०. या एककाला हाउन्सफील्ड यांचंच नाव आहे. पक्षाघात गुठळीमुळे झाला की रक्तस्रावामुळे, हे कळणं फार महत्त्वाचं. गुठळी विरघळवणारं औषध सुमारे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. रक्तस्राव असताना तेच औषध जीवघेणं ठरतं.

आज हेच आकडे सॉफ्टवेअर वाचतं. मुंबईतल्या क्युअर डॉट एआय या कंपनीने भारतातील सुमारे २० केंद्रांतले तीन लाखांहून अधिक स्कॅन वापरून असं सॉफ्टवेअर तयार केलं आणि तपासलं. २०१८ मध्ये त्याचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. रक्तस्रावाची शंका असलेला स्कॅन ते पुढे काढतं. अंतिम निर्णय डॉक्टरांचाच.

पण रुग्णच उशिरा पोहोचला तर हे सगळं काय कामाचं? म्हणून मुलांना एवढं पाठ करून घ्या : चेहरा वाकडा झाला, हात उचलेना, बोलणं अडखळलं, की वेळ बघून ठेवायची आणि लगेच १०८ ला फोन लावायचा.